तालीमबाईंचा फळा

त्यांना सगळे तालीमबाई म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांतले निम्मे तरी वैतागून म्हणायचे. दुसरं काय होणार? सकाळी कामाच्या गर्दीत मान वर करायला फुरसत नसताना ही बाई वॉर्डात यायची, टाळ्या वाजवायची आणि जाहीर करायची, "कॉम्प्युटर बंद पडलाय असं समजा. तालीम सुरू." कॉम्प्युटर समोर ठणठणीत चालू. तरी सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवून कागदावर रुग्णालय चालवून दाखवायचं. नर्सेस एकमेकींकडे बघून डोळे फिरवायच्या. बाईंना ते दिसायचं, पण त्यांचं काही अडायचं नाही. त्या चष्मा नाकावर सरकवून उभ्या असायच्या, आणि तालीम संपल्याशिवाय कोणाला चहाला सोडायच्या नाहीत.

त्या रुग्णालयातल्या नोंदी विभागाच्या प्रमुख. लागल्या तेव्हा साध्या कारकून होत्या, तळघरात बसायच्या. तिथला पाण्याचा पाइप एकदा फुटला आणि रुग्णांच्या फायली पाण्यात तरंगायला लागल्या. बाकीचे लोक कपाळाला हात लावून बसले. बाईंनी तळघरभर दोऱ्या बांधल्या, चिमटे लावले, दिसेल तिथून पंखे उचलून आणले आणि एकेक कागद वाळवला. शाई फिसकटलेल्या एका कागदावर एका म्हाताऱ्याच्या औषधाचं प्रमाण होतं, ते कोणालाच वाचता येईना. म्हातारा सुखरूप घरी गेला, पण बाईंच्या डोक्यात जो भुंगा शिरला तो कायमचा. उद्या हे सगळंच नाहीसं झालं तर कोणाला काय द्यायचं हे सांगणार कोण?

पुढे तळघर गेलं, कॉम्प्युटर आले, भुंगा तसाच राहिला. अधीक्षकांच्या मागे लागून लागून त्यांनी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. पहिली अशी, की दर पहाटे प्रत्येक वॉर्डातल्या रुग्णांची अगदी लागेल तेवढी माहिती कागदावर छापून कपाटात कुलपात ठेवायची. दुसरी म्हणजे फळा. पांढरा, चांगला लांबरुंद, प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोरच्या भिंतीवर टांगायचा. कॉम्प्युटर बंद पडला की त्यावर एकीखाली एक खाटा, रुग्णाचं नाव, आजार, चालू औषध, आणि शेवटच्या रकान्यात 'जपायचं काय'. म्हणजे डॉक्टर येवो, औषधवाला येवो, तपासणीला न्यायला ढकलगाडीवाला येवो, एका नजरेत सगळं कळलं पाहिजे.

तालमीसाठी रुग्ण अर्थातच खोटे. त्यांची नावं ठेवण्यात नर्सेसची हौस भागायची. श्रीयुत खोकले, सौभाग्यवती शिंके, घोरपडे नव्हे पण घोरे आजोबा. 'जपायचं काय' या रकान्यात कोणीतरी लिहायचं, "यांना गोड देऊ नये, रडून मागतील." तेवढं हसू बाई चालवून घ्यायच्या. फळ्यावरचं अक्षर मात्र त्यांचंच असायचं, टपोरं, वळणदार, मैलभर लांबून वाचता येईल असं. बाहेरून तपासायला येणारी मंडळी त्या फळ्यासमोर उभी राहून फोटो काढायची. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता खोट्या रुग्णांना ना नातेवाईक, ना शेजारी. तालीमही नेहमी भेटीची वेळ सुरू व्हायच्या आत उरकलेली. एवढ्या वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही, की एका नजरेत कळतं ते कोणाकोणाला कळतं. बाईंच्याही नाही.

आणि हे बाईंच्या मनात येऊ नये याचं खरं तर नवल. कारण तोंड मिटून ठेवावं तर त्यांनीच. कोणाला कोणता आजार, कोण कशासाठी येऊन गेलं, सगळं त्यांच्या हातून जायचं आणि त्यांच्या तोंडून चकार शब्द बाहेर पडायचा नाही. शेजारच्या बाईचा रिपोर्ट सकाळी बघितलेला असायचा आणि संध्याकाळी जिन्यात भेटली तर या तिला विचारणार, "काय म्हणता, बरं आहे ना सगळं?" मुलगा चिडवायचा, "आईला विचारा बाहेर ऊन आहे का, म्हणेल रुग्णालयाची परवानगी लागेल." बाई हसायच्या, पण मनातून सुखावायच्या. हा त्यांचा अभिमान होता.

माऊचंही असंच. माऊ म्हणजे त्यांच्या गल्लीच्या टोकाला पाळणाघर चालवणारी. पोरांनी ठेवलेलं नाव, मग मोठेही तेच म्हणायला लागले. बाईंची नात ठमी रांगत होती तेव्हापासून तिच्याकडे. ठमीची आई नोकरीला, बाप नोकरीला, आजी ही अशी रुग्णालयाला वाहून घेतलेली. ठमीला पहिलं वरण-भाताचं बोट लावलं माऊने, बुटाची नाडी बांधायला शिकवली माऊने. आणि माऊला फार वर्षांपासून मनाचा आजार आहे, त्याची गोळी ती एक दिवस न चुकता घेते, दर काही महिन्यांनी रक्त तपासून जाते, हे बाईंना ठमी जन्मायच्याही आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी तिचे सगळे रिपोर्ट पाहिले होते. इतकी वर्षं माऊ खडखडीत होती. म्हणूनच सूनबाईने जेव्हा विचारलं, "आई, त्या पाळणाघरात ठेवू का हिला?" तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "डोळे मिटून ठेव." बाकी ताकास तूर लागू दिली नाही.

तर ही माऊ वरच्या फळीवरची खेळणी काढताना स्टुलावरून पडली, पायाचं हाड मोडलं आणि बाईंच्याच रुग्णालयात दाखल झाली. दुसऱ्या दिवशी पाय जुळवायची शस्त्रक्रिया ठरली होती.

आणि नेमके त्याच दिवशी सकाळी कॉम्प्युटर खरोखर बंद पडले. कोणीतरी नको ती ईमेल उघडली, आणि एकापाठोपाठ एक सगळे पडदे काळे पडून त्यावर कुठल्याशा भामट्यांची धमकी दिसायला लागली. कॉम्प्युटर विभागातला माणूस धावत येऊन सगळ्यांच्या वायरी उपटत सुटला. वॉर्डात नुसता गोंधळ. आणि त्या गोंधळात तालीमबाई आल्या. खोटं कशाला सांगा, त्यांचा चेहरा उजळला होता. इतकी वर्षं ज्या संकटाची वाट बघितली ते दारात उभं होतं आणि त्यांची तयारी झालेली होती.

कपाटं उघडली, पहाटेचे कागद निघाले, फळे टांगले गेले. बाई मजल्यामजल्यावर जाऊन स्वतः लिहीत होत्या. माऊच्या खाटेची ओळ आली तेव्हा हात क्षणभरही थांबला नाही, हे त्यांना नंतर फार लागलं. आजाराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पायाचं हाड मोडलं. जुना मनाचा आजार.' औषधाच्या रकान्यात गोळीचं नाव. 'जपायचं काय' या रकान्यात, 'गोळी चालू असल्याने दुखण्याचं नेहमीचं इंजेक्शन देऊ नये', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या रेघांनी काम केलं. दुपारी दुसऱ्या विभागातून मदतीला आलेला एक डॉक्टर नेमकं तेच इंजेक्शन भरून निघाला होता. फळा बघून थबकला, परत फिरला आणि दुसरं औषध घेऊन आला. हेडसिस्टरने बाईंना ते सांगितलं तेव्हा बाईंना भरून आलं. त्या गोळीवर ते इंजेक्शन पडलं असतं तर माऊच्या मूत्रपिंडांवर बेतलं असतं.

मग भेटीची वेळ झाली. कॉम्प्युटर अजून बंदच. लिफ्टची दारं उघडायला लागली, डबे-पिशव्या घेतलेली माणसं बाहेर यायला लागली आणि हेडसिस्टर बाईंजवळ येऊन म्हणाली, "बाई, फळा जरा आत घेऊ या का? निदान चादर तरी टाकते वर."

"आत जागा कुठे आहे?" बाई म्हणाल्या. "आणि चादर काढायच्या-घालायच्या नादात एखाद्याचं औषध चुकलं म्हणजे? सकाळपासून एक चूक झालेली नाही. राहू दे तिथेच."

"लोक वाचतायत हो."

"लोकांना काय कळतंय त्यातलं? तू तुझं काम कर."

बोलून चालून हेडसिस्टर शहाणी, पण बाईंपुढे तिचं काय चालणार? ती आपल्या कामाला लागली. बाई पुढच्या मजल्यावर गेल्या.

संध्याकाळी घरी पोचल्या त्या दमून, पण ताठ मानेने. कोणाला काही झालं नव्हतं. अधीक्षकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. चप्पल काढून त्या आत आल्या तर सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल धरून उभी. तिने तो त्यांच्यापुढे केला. पाळणाघरातल्या मुलांच्या आयांचा एक ग्रुप होता, त्यावर कोणीतरी फोटो टाकला होता. टाकणारी बाई सासऱ्यांना भेटायला आली होती, माऊच्या शेजारच्याच खोलीत.

"आई, हे अक्षर तुमचंच ना?"

बाईंनी बघितलं. फोटो चांगला स्वच्छ आला होता. त्याखाली आयांचं सुरू झालं होतं, एकीमागून एक. आपल्याला फसवलं. वेडाची औषधं घेते आणि आपली पोरं सांभाळते. उद्या काही केलं असतं तर?  बाई तिथेच खुर्चीवर बसल्या.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं का हे?"

आता इथे खरं बोलायला काय झालं होतं? सांगायचं होतं, की हो, माहीत होतं, आणि माहीत असूनच मी माझी नात तिच्या मांडीवर दिली. सगळं गाव जे वाचून बसलं होतं त्यात आता झाकायचं काही उरलं नव्हतं. पण सुनेचा तो चेहरा बघून बाई कचरल्या. माझ्या मुलीच्या बाबतीतली एवढी गोष्ट तुम्ही माझ्यापासून लपवलीत, असं ती म्हणेल. नि मुलगाही म्हणेल. आणि बाई काय म्हणाल्या?

"रुग्णांविषयी मी घरी बोलत नाही, तुला माहीत आहे."

इतक्या वर्षांचा तो बाणा त्यांनी असा वापरला, अंगावर येणारा घाव चुकवायला.  पाळणाघर तोवर माऊची बहीण सांभाळत होती, पण दुसऱ्या दिवसापासून सूनबाईने ठमीला घरीच ठेवलं, नुकत्याच निवृत्त झालेल्या आजोबांपाशी. आजोबा बिचारे तिला चित्रं काढून देऊन दमले. ती दिवसातून दहा वेळा विचारायची, माऊचा पाय बरा झाला का.

बाईंनी एक गोष्ट केली, त्या अधीक्षकांकडे गेल्या. म्हणाल्या, "साहेब, आपल्या फळ्यावरून एका रुग्णाची खाजगी गोष्ट बाहेर गेली. माझ्यामुळे." अधीक्षक तेव्हा शाबासकीच्या भाषणाचं टिपण करत होते. त्यांनी विचारलं, "तक्रार आलीय का?" नव्हती आली. "मग झालं तर. पुढच्या वेळी फळा आत लावा. एवढं मनाला लावून घेऊ नका, तुमच्यामुळे माणसं वाचली." पुढे सत्काराच्या कार्यक्रमात बाईंना फुलांचा गुच्छ मिळाला. तो त्यांनी हातात धरला, टाळ्या ऐकल्या, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. कोणी चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

माऊ वॉर्डात होती तोवर बाई तिच्या मजल्यावर गेल्या नाहीत. सहीचा कागद असला तर वर पाठवायच्या. एकदा लिफ्टचं दार त्याच मजल्यावर उघडलं तर या कोपऱ्यात सरकून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. या वयाला, इतक्या मोठ्या हुद्द्यावरची बाई, आणि चोरासारखी भिंतीला तोंड करून. दार बंद झाल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली.

शेवटी माऊ घरी गेल्यावर मात्र राहवेना. एक दिवस कामावरून परतताना त्या पाळणाघराच्या पायऱ्या चढल्या. आत भिंतीवर मुलांच्या पिशव्या अडकवायच्या खुंट्या, प्रत्येकीवर एकेका प्राण्याचं चित्र, कारण मुलांना नावं वाचता येत नाहीत. ससा, कासव, हत्ती. बहुतेक खुंट्या मोकळ्या. दोनच पोरं सतरंजीवर ठोकळे खेळत होती आणि माऊ कुबड्या भिंतीला टेकवून बुटक्या खुर्चीत बसली होती. मदतीला तिची बहीण होतीच, ती बाईंना बघून तोंड फिरवून आत निघून गेली.

"बसा," माऊ म्हणाली.

बसायला सगळ्या खुर्च्या पोरांच्या. बाई त्यांतल्या एकीवर कशाबशा टेकल्या, गुडघे हनुवटीशी आले. काय काय बोलायचं ठरवून आल्या होत्या, सगळं विसरल्या.

"माझ्या हातून झालं ते," त्या म्हणाल्या. "फळ्यावर मीच लिहिलं. तो आत घ्या म्हणून सिस्टर सांगत होती, तरी मी ऐकलं नाही. मला क्षमा करा असं म्हणायलाही तोंड नाही."

"ते इंजेक्शन दिलं नाही, त्याच फळ्यामुळे. डॉक्टरांनी सांगितलं मला," माऊ म्हणाली. "तुमचे आभार मानायचे की तुमचं नाव काढायचं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. रोज विचार करते." तिचा आवाज चढला नाही. "एक सांगा. तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. ठमीच्या जन्माआधीपासून."

"आणि तरी ठेवलीत माझ्याकडे?"

"हो."

माऊने डोळे पुसले. मग वाकून ती खुर्चीशी पडलेले पोरांचे बूट नीट लावू लागली. "शनिवारी मी सगळ्या आयांना बोलावलंय," ती म्हणाली. "काय विचारायचं ते समोर विचारा म्हटलं. माझे कागद दाखवायची माझी तयारी आहे. पण माझ्या बोलण्यावर आता कोण विश्वास ठेवणार? तुम्ही या. मला आत्ता सांगितलंत ना, तेवढंच सांगा त्यांना. माझी परवानगी आहे. हे गेलं तर माझ्यापाशी दुसरं काही नाही, बाई. मला दुसरं काही येतही नाही."

"येते," बाई म्हणाल्या. आणि घरी जाऊन सूनबाईला आज सगळं सांगायचं, असं त्यांनी वाटेतच ठरवलं. घरी पोचल्या, सूनबाईने गरम पोळी ताटात वाढली, आणि बाईंनी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनेला शनिवारी कामावर जायचं होतं, ती काही तिथे येणार नव्हती, तेव्हा आधी ते उरकू दे, मग बघू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःला किती सफाईने फसवतं.

शनिवारी आया आल्या. दाटीवाटीने उभ्या राहिल्या, कोणी बसेना. माऊ कुबड्यांवर उभी होती. बाईंनी घसा साफ केला. वॉर्ड हलवून सोडणारा तो आवाज त्या दिवशी जेमतेम निघाला.

"ज्या फळ्याचा फोटो तुम्ही पाहिलात तो माझ्या हातचा. माऊची गोष्ट तुमच्यापर्यंत यायला नको होती, ती माझ्या चुकीने आली. दोष तिचा नाही. मी नोंदी बघते. तिला हा आजार आहे हे मला इतकी वर्षं माहीत होतं. ती औषध कधी चुकवत नाही हेही माहीत होतं. आणि हे सगळं माहीत असताना मी माझी नात, दुधाचे दात यायच्या आधीपासून, हिच्या ताब्यात दिली. याहून जास्त मी काय सांगू?"

 दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. एकीचा चेहरा निवळल्यासारखा झाला. मग मागून ती फोटोवाली पुढे आली. ती भांडखोर नव्हती, घाबरलेली होती.

"ते ठीक आहे हो. पण मग तुमची नात आज कुठे आहे? तिची खुंटी तर मोकळी दिसतेय."

सगळ्यांच्या माना खुंट्यांकडे वळल्या आणि मग बाईंकडे. बाईंनी तोंड उघडलं. ठमी घरी होती, आजोबांबरोबर. तिला घरी ठेवणाऱ्या सुनेपुढे ही बाई एक शब्द बोलली नव्हती. आता खरं सांगावं तर माऊचं उरलंसुरलं बुडणार, आणि खोटं बोलायला जीभ वळेना.  पायाखालची फरशी सोडून त्यांना कुठेच बघवेना.

"ठमीला ताप आहे," माऊ म्हणाली.

बाईंनी मान वर केली. माऊ त्यांच्याकडे बघत नव्हती, आयांकडे बघून अगदी सहज बोलत होती. "या आणत होत्या तिला, मीच नको म्हटलं. बाकीच्या पोरांना लागायला नको. बरी झाली की येईल."

खोलीतला ताण सैल पडला. एकजण म्हणाली, मग सोमवारपासून आमचा ठेवते. दुसरी म्हणाली, बघू, हे घरी येऊ देत, बोलते. फोटोवालीने माऊला पायाचं विचारलं. जाताना एक आई बाईंजवळ थांबली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तापाची साथच आहे हो सगळीकडे. जपा पोरीला."

"हो," तालीमबाई म्हणाल्या.